पत्र्याच्या खोलीतला ओव्हन

लातुरात ओव्हन दुरुस्त करून पोट भरता येतं, हे माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. लग्न ठरवताना त्यांनी विचारलं होतं, पोरगा काय करतो. मामूंनी सांगून टाकलं, बिजलीचं काम करतो. ते काही खोटं नव्हतं. पंखे, इस्त्र्या, मिक्सर, गिझर, सगळंच माझ्या टेबलावर यायचं. पण जीव रमला तो ओव्हनमध्येच. मिक्सर बिघडला की बाई चिडून येते, ओव्हन बिघडला की उदास होऊन येते. कारण आमच्याकडं त्या काळी ओव्हन कुणी गरजेसाठी घेत नव्हतं, हौसेसाठी घ्यायचं. हौस मोडलेल्या माणसाशी बोलताना आवाज जरा खाली ठेवावा लागतो, हे मी लवकर शिकलो.

ओव्हन येण्याआधी नानकटाई करायची तर पीठ, तूप, साखर डब्यात घालून बेकरीच्या भट्टीवर जायचं. दिवाळी असो का ईद, बायका डबे घेऊन ओळीनं बसलेल्या. घरी आल्यावर प्रत्येकीला हमखास वाटायचं, भट्टीवाल्यानं आपलं तूप बदललं. या संशयाला कंटाळून मग कुणीतरी ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन आणायचं, वर काचेचं झाकण असलेला. नंतर पेटीसारखे आले, दार खाली उघडणारे, आत वर एक कॉइल आणि खाली एक. गल्लीत एकीनं घेतला की वर्षभरात चौघींकडं यायचा आणि त्यातला एक तरी माझ्याकडं यायचा.

तक्रार एकच असायची. तापत न्हाई. आता ताप म्हटला की डॉक्टर जसा जीभ बघतो, तसं माझं ठरलेलं होतं. ओव्हन तापत नाही याची कारणं तीन. एक, आत उष्णता तयारच होत नाही, म्हणजे कॉइल तुटली किंवा गरमी सांभाळणारा थर्मोस्टॅट गेला. दोन, तयार होते पण टिकत नाही, म्हणजे दार नीट बसत नाही. तिसरं कारण मला कमलताईंनी शिकवलं. त्याची गोष्ट पुढं येतेच.

दुसऱ्या कारणाचे तर एकेक नमुने. नांदेडचे एक किराणा दुकानदार होते, मोठे सज्जन. त्यांचा ओव्हन मी उघडून तपासला, सगळं ठणठणीत. शेवटी म्हटलं, शेठ, माझ्यासमोर लावा. लावला, आणि शेठ खुर्ची ओढून समोर बसले. घटकेघटकेला दार उघडून आत बघायचे. झालं का, झालं का. दुकानात गल्ल्यावर बसून नजर ठेवायची सवय, ती घरी पण सुटेना. मी म्हटलं, शेठ, ओव्हन हा गिऱ्हाईक न्हाई, त्याच्यावर लक्ष ठेवलं न्हाई तर काही उचलून नेणार न्हाई. ते हसले, पण माझ्यासमोरच आणखी एकदा उघडून बघितलं.

पहिल्या कारणाचे म्हणाल तर अर्धापूरचे एक बागवाले अजब. केळीचे वेफर सगळेच तळतात, आपण ओव्हनमध्ये वाळवू, म्हणून अख्खी फणी चकत्या करून आत घातली. रस टपटप खालच्या कॉइलवर पडला, जळून काळा दगड झाला, कॉइल तुटली. नवी बसवून दिली. पुढच्या महिन्यात हे पुन्हा हजर. आता चिक्कू घातले होते. असल्या माणसांमुळं माझी चूल पेटली, खोटं कशाला बोलू.

आता मूळ गोष्टीवर येतो. त्यासाठी भूकंपाची गोष्ट काढावी लागेल. लातुरात भूकंपाशिवाय कुठली गोष्ट पुरी होत नाही. त्या पहाटे आम्ही गल्लीतले सगळे रस्त्यावर होतो. शहराचं फारसं काही पडलं नाही, पण किल्लारीकडून बातम्या येऊ लागल्या आणि माणसं घरात जायला तयार होईनात. कित्येक महिने लोक ओट्यावर, अंगणात, शाळेच्या मैदानावर झोपले. घराघरात एक युक्ती निघाली होती. तांब्यावर पेला, पेल्यावर वाटी, वाटीवर चमचा, असं रचून ठेवायचं. जमीन जरा हलली की भांडी खणखण करत पडणार, आणि झोपलेला माणूस उठून पळणार. आमच्या अम्मीनं तर पितळी तांब्यांची अशी उतरंड लावली होती की मांजरानं शेपूट लावलं तरी सगळी गल्ली रस्त्यावर यायची.

मी मात्र थोड्याच दिवसांत स्लॅबखाली झोपायला लागलो. उघड्या वायरला हात घालणारा माणूस, मला कसली भीती. उलट बाकीच्यांना सांगायचो, अरे दगडमातीची घरं पडली, सळ्यांची पडत नसतात, सिमेंटवर भरोसा ठेवा. पुढं वर्षं सरली. भूकंपानं ओळखलं जाणारं लातूर पोरांच्या मार्कांनी ओळखलं जाऊ लागलं. क्लासेस निघाले. देवणी, निलंगा, नांदेड, कुठून कुठून पोरं यायला लागली. ज्यांच्या घरात दोन खोल्या होत्या त्यांनी एक भाड्यानं दिली, ज्यांच्याकडं प्लॉट होता त्यांनी हॉस्टेल बांधलं, आणि ज्या बाईच्या हाताला चव होती तिनं मेस काढली. वाढदिवसाला पोरांचे आईबाप गावाकडून फोन करायचे, तेवढा केक पाठवा हो पोराला. असा माझा हौसेचा ओव्हन पोटापाण्याचा झाला.

कमलताई केक करणाऱ्या. पन्नाशीच्या, उंच, सावळ्या, बोलणं तुटक. औसा तालुक्यातलं त्यांचं गाव. भूकंपात त्यांची सासू आणि धाकटी जाऊ दगडाच्या भिंतीखाली गेल्या. त्या स्वतः, नवरा आणि मांडीवरचा अविनाश तेवढे वाचले. नवऱ्याची नोकरी लातुरात लागली तसे ते इकडं आले. नवरा पुढं हार्टनं गेला, अविनाश शिकून पुण्याला नोकरीला लागला, आणि कमलताई एकट्या राहून क्लासच्या पोरांना बिनअंड्याचा केक करून द्यायच्या. हे मला नंतर कळलं. आधी कळला तो त्यांचा ओव्हन.

रिक्षातून ओव्हन आला, सोबत निरोप, केक मधून कच्चा राहतो. मी दुकानात लावला. दोन्ही कॉइल लालबुंद, थर्मोस्टॅट वेळेवर खटका देतो, दार घट्ट. पीठ कालवून बायकोनं, जरीनानं, एक केक करून बघितला, कापसाच्या बोळ्यासारखा हलका, तो आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ला. ओव्हन परत पाठवला. आठवड्यानं पुन्हा तोच निरोप. पुन्हा तपासला, पुन्हा ठणठणीत. जरीना म्हणाली, हा ओव्हन म्हणजे सूनच, माहेरी धडधाकट आणि सासरी आजारी. मी हसलो, पण मनातून बेजार होतो. न सापडणारा बिघाड म्हणजे दातात अडकलेली सुपारी, जीभ सारखी तिथंच जाते.

तिसऱ्या वेळी कमलताई स्वतः आल्या, ओव्हन मांडीवर घेऊन. रिक्षातून उतरल्या आणि मला म्हणाल्या की हा शेवटचा, आता सुधारला न्हाई तर विकून टाका. मी खुर्ची दिली, पाणी दिलं. हळूहळू बोलत्या झाल्या. कोपऱ्यावरच्या मुलींच्या हॉस्टेलच्या मॅडमनी दोन केक परत पाठवले होते. रविवारी हॉस्टेलातल्या तीन पोरींचा मिळून वाढदिवस होता, तो केक नीट झाला तर पुढची सगळी ऑर्डर कमलताईंची, नाही झाला तर बेकरीची. आणि खरी अडचण त्याच्या पुढची होती. अविनाश रविवारीच गाडी घेऊन येणार होता. आई एकटी राहते हे त्याला बघवत नव्हतं. त्याचा फ्लॅट सातव्या मजल्यावर. फोनवरच्या भांडणाला कंटाळून कमलताईंनी त्याला शब्द देऊन टाकला होता, की हा केक जमला तर मी लातुरात राहते, न्हाई जमला तर सामान बांधते.

"पोरगं गुणाचं हाय," त्या म्हणाल्या. "पण सातव्या मजल्यावर भूकंप झाला तर मी काय लिफ्टनं पळू का, मुनीरभाऊ?"

त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, म्हणून मीही हसलो नाही. म्हटलं, ताई, यावेळी ओव्हन दुकानात ठेवत न्हाई, मी तुमच्या घरी येतो. इतक्या वर्षांत मी ओव्हनसाठी कुणाच्या घरी क्वचितच गेलो होतो. दुरुस्तीची वस्तू दुकानात येते, दुकान वस्तूकडं जात नाही, हा आमच्या धंद्याचा तोरा.

शनिवारी सकाळी गेलो. पुढं रस्ता, मग चांगलं दोन खोल्यांचं स्लॅबचं घर, मागं अंगण, आणि अंगणाच्या टोकाला पत्र्याची एक खोली. मी घरात शिरायला लागलो तशा कमलताई म्हणाल्या, तिकडं न्हाई, हिकडं मागं. संसार सगळा पत्र्याखाली. पलंग, गॅस, टीव्ही, देवघर, ओव्हन. आणि दाराशी स्टुलावर तांब्या, पेला, वाटी, चमचा. इतक्या वर्षांनी ती उतरंड पुन्हा दिसली. आमच्या घरची भांडी कधीच मोडीत गेली होती.

प्लॉट घेतल्यावर आधी पत्र्याची खोली टाकली होती, नंतर नवऱ्यानं हौसेनं घर बांधलं. पण कमलताई स्लॅबखाली काही गेल्या नाहीत. वास्तुशांतीची पूजाही त्यांनी दारातून पाहिली. पाहुणे आले की ते घरात बसायचे, ह्या दारातून चहा द्यायच्या. नवरा बिचारा उंबऱ्यावर झोपायचा, डोकं घरात आणि पाय अंगणात, कारण दोन्हीकडचं मन राखायचं होतं. हे सांगून म्हणाल्या, लई चांगला माणूस होता.

मी कामाला लागलो. पिशवीत माझा एक बल्ब असतो, होल्डरसकट. तो ओव्हनच्याच बोर्डावर लावला. बल्ब झक्क पेटला. मग ओव्हन चालू केला, आणि बल्ब पिवळा पडला, रॉकेलच्या चिमणीसारखा. दिवसाढवळ्या मला लख्ख दिसलं. बोर्डाच्या मागून निघालेली वायर धरून चालत गेलो. खोलीतून बाहेर, लिंबाच्या फांदीला गुंडाळून, अंगण ओलांडून घराच्या खिडकीतून आत, मीटरपर्यंत. पत्र्याच्या खोलीत एक बल्ब लागावा म्हणून कधीकाळी ओढलेली बारीक वायर. पुढं त्याच वायरवर पंखा आला, टीव्ही आला, आणि आता ओव्हन. हाताला वायर कोमट लागली. म्हणजे ओव्हनची गरमी वाटेतच वायर खात होती. विजेचा जोर थोडा कमी झाला की ओव्हनची उष्णता त्याहून कितीतरी जास्त घटते. वरून रंग येतो, पोट कच्चं राहतं. हेच ते तिसरं कारण. उष्णता तयार करणारा ठीक, सांभाळणारा ठीक, पण वीज त्याच्यापर्यंत धड पोहोचतच नाही.

मी सांगितलं, ताई, ओव्हन बरा हाय, वायर आजारी हाय. मीटरपासून जाड वायर ओढली की झालं. पण त्याआधी खात्री करू. ओव्हन घरात मीटरजवळ ठेवतो, तुम्ही एक केक लावून बघा. खरं सांगायचं तर माझ्या मनात दुसरंही होतं. वाटलं, ह्या निमित्तानं बाई घरात येतील. वर माझं जुनं व्याख्यान पण दिलं, की सळ्यांची घरं पडत नसतात, मी स्वतः इतकी वर्षं स्लॅबखाली झोपतो, माणसानं भीती काढून टाकली पाहिजे. त्यांनी ऐकून घेतलं, पीठ कालवलं, साच्यात ओतलं, आणि साचा उंबऱ्याच्या बाहेरून माझ्या हातात दिला.

मग मी घरात ओव्हनपुढं आणि त्या अंगणात, असा आमचा केक सुरू झाला. बाहेरून विचारणा व्हायची, आतून मी खबर द्यायचो. फुगतोय का. फुगतोय. कडेनं सुटला का. सुटल्यासारखा वाटतोय. रंग कसा आला. मी म्हटलं, तपकिरी.

"तपकिरी म्हणजे कसा? चहासारखा का गुळासारखा?"

आता काय सांगावं. आयुष्य ओव्हन उघडण्यात गेलं, पण केकचा रंग वाचायची वेळ कधी आली नव्हती. चहाही घरोघरी वेगळा आणि गूळही वेगळा. म्हणाल्या, सुई घालून बघा, कोरडी निघती का. घातली. कोरडी म्हणावी तर टोकाला काहीतरी होतं, ओली म्हणावी तर नव्हती. मी तसंच सांगितलं. मग म्हणालो, ताई, मला यातलं कळत न्हाई. आत्ता बंद केला तर कच्चा राहील, राहू दिला तर जळेल. तुम्हीच या.

त्या लगेच आल्या नाहीत. पत्र्याच्या खोलीत गेल्या आणि स्टुलावरची भांडी घेऊन परत आल्या. दारातून हात आत घालून खिडकीत ती एकावर एक रचली, तांब्या, पेला, वाटी, चमचा. पुढचं दार उघडलेलं आहे ना विचारलं, मागचं स्वतः सताड उघडलं. मग पदर खोचला, बिस्मिल्ला म्हणावं तसं विठ्ठलाचं नाव घेऊन उजवा पाय आत टाकला. मी भिंतीला सरकून उभा राहिलो. काही बोललो तर त्या परत फिरतील असं वाटलं.

ओव्हनपुढं वाकल्या आणि दार उघडलं. आणि बघता बघता भीती बाजूला राहिली, केक करणारी बाई तेवढी उरली. म्हणाल्या, अजून थोडा. खालची कॉइल बंद करा, वरचीच राहू द्या. वास घेतला. मग मला समजावायला लागल्या की मध्यावर बोट ठेवलं की केकनं बोट परत ढकललं पाहिजे. मी मान हलवत होतो. शेवटी फडक्यानं धरून त्यांनी साचा बाहेर काढला.

तेवढ्यात रस्त्यानं पाण्याचा टँकर गेला. भरलेला. लातुरात टँकर काही नवा नाही, पण हा खड्ड्यात आदळला आणि खिडकीची काच थरथरली. चमचा सरकला, वाटी घरंगळली, आणि खण, खणण करत सगळी उतरंड फरशीवर आली.

पुढचं मला आठवतं ते थेट अंगणातलं. मी लिंबाखाली उभा, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, तोंडात या अल्लाह. माझ्या मागून कमलताई धावत आल्या, दोन्ही हातांत गरम साचा, फडक्यासकट. केक सोडला नव्हता. आम्ही दोघं एकमेकांकडं बघत उभे राहिलो. टँकर लांब गेला. घर जागच्या जागी होतं.

"मुनीरभाऊ," त्या धापा टाकत म्हणाल्या, "तुम्ही माझ्या आधी पळालात."

सळ्यांच्या घरावरचं माझं सगळं व्याख्यान त्या उंबऱ्यातच पडलं होतं, चपलेसोबत. मी शरमेनं मान खाली घातली, आणि त्या हसायला लागल्या. आधी तोंड दाबून, मग मोकळं, पोट धरून. साचा माझ्या हातात दिला आणि ओट्यावर बसून हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग मलाही आवरेना. त्या दिवशी कळलं की इतकी वर्षं मी स्लॅबखाली झोपत होतो खरा, पण कान उघडे ठेवून.

शेवटी डोळे पुसून त्यांनी केसांतली पिन काढावी तशी ब्लाऊजला टोचलेली सुई काढली, धुतली, आणि केकच्या मधोमध घातली. बाहेर काढून मला दाखवली. कोरडी ठाक. मी अल्लाहचे आभार मानले, आणि त्यांनी पहिला तुकडा मोडून मलाच दिला.

मी म्हटलं, ताई, उद्या पहाटेच जाड वायर घेऊन येतो, हॉस्टेलचा केक तुमच्या खोलीतच होईल. त्यांनी घराकडं पाहिलं, मग माझ्या अनवाणी पायाकडं.

"वायर राहू द्या. ओव्हन हितंच बरा हाय. पळायचं झालं तर पळू की, दार उघडंच हाय. इतका मोठा मिस्त्री पळतो, मग मला कशाची लाज?"

आत जाऊन त्यांनी फरशीवरची भांडी गोळा केली, पुसली, आणि खिडकीत पुन्हा रचून ठेवली. झोपायला त्या पत्र्याच्या खोलीतच राहिल्या, त्यात काही बदल झाला नाही. तिथली बारीक वायर मी आता फक्त बल्ब, पंखा आणि टीव्हीपुरती ठेवली. मला बाईंना घरात आणायचं होतं, आणि त्या आल्या त्या माझ्या शहाणपणानं नव्हे, माझ्या पळण्यानं.

त्यानंतर ओव्हन दुकानात आला की पहिला प्रश्न मी हा विचारायचो, घरात कुठं ठेवलाय. पुष्कळ ओव्हन न उघडताच बरे केले. आता दुकान बंद केलंय. थर्मोस्टॅट मिळत नाहीत, आणि बिघडलं की नवं घ्या असं पोरं सांगतात. वाईट वाटतं. पण एखादा टँकर धडधडत गेला की आधी दचकतो आणि मग हसतो.

तर, त्या रविवारी हॉस्टेलच्या मॅडमनी केकचा डबा उघडून बघितला आणि पुढच्या महिन्याच्या वाढदिवसांची नावं सांगितली. दुपारी अविनाश आला. ठरल्याप्रमाणं मोठी गाडी आणली होती, मागच्या सीट काढून, आईचं सामान मावावं म्हणून. संध्याकाळी तो पुण्याला परत निघाला, तेव्हा त्या मोकळ्या गाडीत मागं एकच डबा होता. केकचा.